लाल चिंधीचा घड

जालन्याहून समुद्र फार लांब आहे. माझे बाबा शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणजे हे त्यांना गल्लीतल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. तरी थंडी पडायला लागली की जेवताना ताटावरून मान वर करून ते म्हणायचे, "यंदा समुद्र बघायला जायचं बरं का." माय भाकरी थापता थापता म्हणायची, "जाऊ ना. आधी मळा, मंग समुद्र." मी आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद एकमेकांकडे बघायचो. मला तेव्हाच कळून चुकलं होतं की मळा खरा आणि समुद्र खोटा. मिलिंदला दोन्ही खरे वाटायचे.

मळा म्हणजे अंबडच्या अलीकडचा, दत्ताकाकांचा द्राक्षाचा मळा. आणि समुद्र म्हणजे त्याच्यापुढे, त्याच सडकेनं जाऊन लागणारं शहागड, तिथली गोदावरी. सकाळच्या एसटीनं निघायचं, उतरत्या उन्हाच्या एसटीनं परत. आमच्या सगळ्या लहानपणाचा परदेश एवढाच.

परवा मी त्या वाटेनं पुन्हा गेले. एका लग्नात जेवणाच्या पंगतीला कुणीतरी सहज म्हणालं की दत्ताकाकांचा मळा मोडून राह्यलेत, जमीन नव्या रस्त्यात चालली. माझ्या हातातला घास हातातच राहिला. बाबा गेले, माय गेली, दत्ताकाका आणि सरूकाकू तर कधीच गेले. त्या वाटेचं नाव काढणारी मी एकटी उरले आहे. जाऊन काय करायचं होतं, हे मला नीट सांगता येणार नाही. उरलेल्या माणसानं जायचं असतं म्हणून गेले.

बस पूर्वीसारखी राहिली नाही. पूर्वीच्या एसटीला वास होता. डिझेल, तंबाखू, कुणाच्या तरी मांडीवरच्या कोंबडीचा वास आणि आमच्या पिशवीतल्या दशम्यांचा. जालना सोडताना जिनिंगपाशी सरकीचा गरम, तेलकट वास यायचा आणि तो आला की सहल सुरू झाली असं आम्ही समजायचो. मिलिंद खिडकीशी. त्याच्यासाठी भांडण नको म्हणून मी आधीच सोडून द्यायचे. "जालना सोन्याचा पालना" अशी म्हण आहे आमच्याकडे, गावच्या बाजारपेठेवरून पडलेली. मोठमोठ्यानं ती म्हणत तो खिडकीच्या गजावर ताल धरायचा आणि कंडक्टर म्हणायचा, "ए पालन्यातल्या, हात आत घे."

दत्ताकाका आणि बाबा औरंगाबादला एका बाकावर शिकले. बाबा मास्तर झाले, काका शिकून पुन्हा मातीत गेले. काका गावच्या जुन्या पाटील घराण्यातले आणि आमचं घर दीक्षा घेतलेलं. संध्याकाळी वंदना व्हायची आमच्याकडे. आम्ही वर्षानुवर्षं काकांच्या मळ्यावर गेलो, गावातल्या घरी कधी गेलो नाही. का, ते मी विचारलं नाही, आणि बाबांनी सांगितलं नाही. काका मात्र आमच्या घरी आले की थेट चुलीपाशी येऊन बसायचे आणि मायला म्हणायचे, "वहिनी, भाकर वाढा जल्दी, लई भूक लागून राह्यली."

काकांचा आवाज हा एक प्रकारच होता. बस थांब्यावर आम्ही उतरलो की मळ्यातून, एवढ्या लांबून, हाक यायची. "या मास्तर! या मिलूशेऽठ!" मिलिंदला ते मिलूशेठ म्हणायचे. चड्डी वर ओढत तो शेठ पळत सुटायचा.

मांडवाखाली शिरलं की अंगावरचं ऊन एकदम पुसल्यासारखं व्हायचं. दगडी खांब, त्यांवरून ताणलेल्या तारा आणि तारांवर पानांचं छत. पानांवर मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचे निळे डाग. इंजिन लांब कुठेतरी फुकफुक करत असायचं आणि पाटातून पाणी येताना मातीचा जो वास यायचा तो मला आजही भर गर्दीत येतो आणि मी थांबते. द्राक्षं अनाबेशाही. लांबट, फिकट, उन्हात धरली तर आतलं बी दिसावं इतकी पातळ सालीची. आता ती जात कुणी लावत नाही म्हणतात.

चिंधीची रीत सरूकाकूंची. हिवाळ्यात, मणी ज्वारीच्या दाण्याएवढे असताना, आमची पहिली फेरी व्हायची. काकूंनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून ठेवलेल्या असायच्या. पोरांनी ज्याचा त्याचा घड निवडायचा आणि आपल्या हातानं चिंधी बांधायची. माझी हिरवी, मिलिंदची लाल, काकूंच्या मुलाची पिवळी. विहिरीजवळचा एकच वेल ह्यासाठी राखलेला. एकदा चिंधी बांधली की तो घड बाजाराचा राहिला नाही. बाग विकत घेणारा व्यापारी आला तरी काका त्याला आधी तो वेल दाखवायचे आणि सांगायचे, "हा सोडून बोला." मग फाल्गुनात, घड पिकला की, दुसरी फेरी. आपला घड आपण तोडायचा, पहिला मणी आपणच खायचा, मग दुसऱ्याला.

ह्या दोन फेऱ्यांच्या मधे जो काळ असायचा तो मिलिंदला सोसवायचा नाही. एका वर्षी त्यानं बांधल्याबरोबर एक कच्चा मणी चावून बघितला होता आणि त्याचं तोंड असं झालं की काकू हसून हसून खाली बसल्या. तेव्हापासून त्याचा एकच प्रश्न. शाळेच्या वाटेवर, आंघोळीच्या दगडावर, अंथरुणात. "ताई, आता गोड झाला असंल का?"

"न्हाई अजून."

"मंग आता?"

"झाला असंल, झोप."

मळ्यावरून निघून दुपारी शहागड. वाळू तापलेली असायची आणि आम्ही चपला हातात घेऊन नाचत नाचत पाण्याशी पोचायचो. वाळूत टरबुजांच्या वाड्या होत्या. वाडीवाला टरबूज बुक्कीनं फोडून द्यायचा आणि त्याचा लाल रस कोपरापर्यंत ओघळायचा. पुलावरून ट्रक जायचे, खाली बायका धुणं आपटायच्या, तो आवाज पाण्यावरून एक क्षण उशिरा यायचा. पलीकडचा काठ धुरकट दिसायचा. मिलिंदनं एकदा ओंजळ भरून पाणी प्यायलं आणि शंकेनं विचारलं, "बाबा, समुद्र तर खारट ऱ्हायतो ना?"

बाबा म्हणाले, "हा गोड्या पान्याचा हाय."

भूगोल शिकवणारा माणूस. पोरासाठी असं खुशाल खोटं बोलायचा आणि वर माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचा. मिलिंद खिसे भरून शिंपले आणायचा आणि गल्लीतल्या पोरांना ते समुद्रातले म्हणून दाखवायचा. कुणी हसलं तर मी त्या पोराला धरून बडवलं आहे.

मग तो दुष्काळ आला. आमच्याकडे नुसतं "तो दुष्काळ" म्हटलं की पुरतं. हिवाळ्यातल्या फेरीला बसच्या खिडकीतून सडकेच्या कडेनं खडी फोडणाऱ्या बायका दिसल्या. डोक्यावर पदर, चेहऱ्यावर पांढरी धूळ. मिलिंद ताल धरायचा विसरला. मळ्यात इंजिन बंद होतं आणि त्याचा आवाज नसल्यामुळे मांडव परका वाटत होता. पानं कडेनं करपली होती. काकूंनी तरीही चिंध्या काढल्या. माय म्हणाली, "राहू द्या ना यंदा." काकू म्हणाल्या, "बांधू द्या हो पोरायला. पोराच्या हातचा घड वाळत न्हाई."

मिलिंदनं लाल चिंधीला दोन गाठी मारल्या, एकीवर एक. एक सुटली तर दुसरी असावी म्हणून.

शहागडला त्या दिवशी वाळूच वाळू. मधोमध बोटभर ओली रेघ. मिलिंद त्या रेघेपर्यंत चालत गेला आणि त्यानं विचारलं, "समुद्र कुठं गेला?"

"गावाला गेलाय," बाबा म्हणाले. "येईन वापस." ह्या वेळी त्यांनी डोळे मिचकावले नाहीत.

मिलिंदला मुदतीचा ताप आला तो त्यानंतर. खिडकीशी त्याची खाट लावली. घरात मोसंबीच्या सालींचा आणि मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांचा वास भरून राहिला. मी मोसंबी पिळायचे, तो दोन घोट घ्यायचा आणि मान फिरवायचा. ताप चढला की तो तेच विचारायचा, पण आवाज आता घरातल्या घरातही नीट पोचत नव्हता. "ताई, आता?"

"झालाच असंल बघ आता."

"काका दुसऱ्याला देणार न्हाई ना?"

"लाल चिंधी हाय ना त्याला. कोण हात लावतंय?"

बाबांना ते बघवेना. एका संध्याकाळी ते बाजारातून द्राक्षाचा घड घेऊन आले, कुठून तरी रेल्वेनं आलेला. मायच्या जुन्या लाल चोळीची चिंधी फाडून त्यांनी ती घडाला बांधली, दोन गाठी मारून. खाटेपाशी बसले आणि म्हणाले, "बघ मिलू, तुझा घड. काकांनी पाठवलाय." मिलिंदनं तो हातात घेतला. बोटांनी चाचपला. किती आनंद व्हायला हवा होता त्याला, आणि तो नुसता बघत राहिला.

"हे तर गोल हायेत बाबा," तो म्हणाला. "माझे लांबट हायेत."

बाबा चिंधीच्या गाठी उगीच घट्ट करायला लागले.

"माझा तिकडंच हाय," मिलिंद त्यांची समजूत घातल्यासारखं म्हणाला. "काकाला म्हणावं पानी द्या त्याला."

बाबा उठून ओट्यावर जाऊन बसले. वंदनेच्या वेळेलाही आत आले नाहीत. आयुष्यभर नकाशावर बोट ठेवून सांगणारा माणूस त्या एका घडापाशी चुकला, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, चुकायला तेवढंच उरलं होतं त्यांच्याकडे.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या एसटीनं मळ्यावर गेले आणि दिवस मावळताना आले. त्यांच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत ओला चिखल होता. त्या दिवसांत, जेव्हा नळाला थेंब नव्हता आणि अंगणातली सदाफुलीसुद्धा काडी झाली होती, तेव्हा चिखल. काकांनी बाकीची बाग सोडून दिली होती. विहिरीच्या तळाला जे काही झिरपायचं ते काका-काकू घागरींनी वर काढून त्या एका वेलाला घालत होते, आणि बाबांनी दिवसभर त्यांच्याबरोबर घागरी ओढल्या होत्या. घरात त्या ओल्या मातीचा वास आला आणि मिलिंदनं डोळे उघडले.

"पानी चालू हाय तुझ्या वेलाला," बाबा म्हणाले. "काका म्हणले, मिलूशेठला सांगा, मणी भरून राह्यलेत."

तो हसला. मी ते हसणं जपून ठेवलं आहे, पण इतक्या वेळा काढून बघितलं की आता ते झिजलं आहे. ओठ दिसतात, डोळे दिसत नाहीत.

फाल्गुन लागला आणि मिलिंद गेला. त्याबद्दल मला आणखी काही लिहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर माणसांनी भरलेलं होतं. बायका मायला धरून बसलेल्या. आणि गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला, मळ्यातून सडकेपर्यंत पोचणारा.

"मिलूशेऽठ! ओ मिलूशेठ! उठा आता! झाला तुमचा घड!"

काकांना कळवायला कुणाला सुचलंच नव्हतं. सुचलं असतं तरी मळ्यावर निरोप पोचायला दिवस लागला असता. आवाज जवळ जवळ येत होता आणि त्यांना थांबवायला आमच्यातलं कुणीही उठलं नाही. बाबासुद्धा नाही. वाटत होतं, हा आवाज आहे तोवर काहीतरी आहे. "मिलूशेठ, दार उघडा, खर्चा करून आलोय यष्टीचा!" मग काका दारात आले. दारातल्या चपला बघितल्या त्यांनी. मग आमचे चेहरे. हातात टोपली होती, वर कडुलिंबाचा पाला झाकलेला. ते तिथेच, उंबऱ्यापाशी, भिंतीला टेकत खाली बसले आणि टोपली मांडीवर धरून राहिले.

"मला कळलंच न्हाई ओ वहिनी," ते म्हणाले. "सगळ्या वाटेनं हसत आल्तो मी."

टोपलीत घड होता. लहानसाच, दुष्काळात वाढलेला, पण मणी भरलेले, लांबट. लाल चिंधी तशीच. एकीवर एक दोन गाठी.

त्या घडाचं काय करायचं, हे कुणालाच कळेना. तो खायचा कुणी? पहिला मणी ज्याचा त्यानं खायचा, ही रीत. टाकायचा तर कसा? मायनं तो उचलला आणि स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवला. तिथे तो सुकत गेला. आधी देठ काळा पडला, मग मणी सुरकुतले, मग त्यांना गोडसर, दडपून टाकणारा वास यायला लागला आणि आम्ही त्या वासात जेवायचो. पावसाळ्यात त्याला मुंग्या लागल्या तेव्हा मायनं तो उतरवला. कुठे नेला ते तिनं सांगितलं नाही. गोड झाला होता की नाही, हे कुणीच चाखून बघितलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात द्राक्ष आलं नाही. "यंदा समुद्र" असं कुणी म्हणालं नाही. बाबा वर्गात गोदावरीचा धडा आला की एखाद्या पोराला उठवून वाचायला लावायचे आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहायचे. काका बाजाराच्या दिवशी भेटायचे त्यांना. दोघं एकमेकांसमोर उभे राहायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे आणि आपापल्या वाटेनं जायचे. काकांनी त्यानंतर आमच्या गल्लीत कधी हाक मारली नाही. सोन्याच्या पालन्याची म्हण मात्र अजून लोक म्हणतात, आणि मला दर वेळी उठून जावंसं वाटतं.

तर परवा मी मळ्यावर गेले. अर्धी बाग उपटून पडली होती. मुळं वर, तारांची भेंडोळी, मशीनच्या चाकांच्या खोल खुणा. दगडी खांब कधीच गेलेले, त्यांच्या जागी लोखंडी अँगल आले होते आणि तेही आता भंगारात चालले होते. दत्ताकाकांचा नातू गणेश तिथे उभा होता. ओळख सांगितली तर म्हणाला, "हां हां, मास्तरांच्या. या ना मावशी." त्यानं खुर्ची आणून दिली. चांगला मुलगा आहे. आजोबांचा आवाज मात्र आला नाही त्याच्यात.

"विहीर?" मी विचारलं.

"बुजवली की. काल-परवाच."

विहिरीच्या जागेजवळ एक वेल अजून उभा होता. नव्या जातीचा, पण मणी लांबट. सगळा खुडून झालेला, फक्त एक घड सोडलेला. त्याला लाल चिंधी बांधली होती.

मी खुर्चीवरून उठले. "हे काय आहे?"

"ते व्हय? आज्जीपासून हाय आमच्यात," गणेश म्हणाला. "दर साली एका घडाला लाल चिंधी बांधून ठेवायची. तो कुणी खायाचा न्हाई, पाखरानंच खायाचा. बागेला नजर लागत न्हाई म्हणं."

"कुणाच्या नावानं बांधतात?"

"नाव-बिव काय न्हाई मावशी. बांधायची म्हणून बांधतो."

माझ्या तोंडात नाव आलं होतं. मिलिंद. तीन अक्षरं. ती मी गिळली. उद्या हा वेलही जाणार होता. ज्याला ते नाव कधीच माहीत नव्हतं त्याच्या डोक्यावर ते कशाला ठेवायचं? सरूकाकूंनी मरेपर्यंत दर साली मिलिंदचा घड राखला, त्यांच्यानंतर त्यांच्या सुनेनं, मग नातवानं. सगळं राखलं. तोच तेवढा गळून गेला त्यातून. मी गेले की तो दुसऱ्यांदा जाईल आणि ह्या वेळी गल्लीत कुणी हाकही मारायला येणार नाही.

"न्या तुमी," गणेश म्हणाला. "पाखरं तरी कुठं राह्यलीत आता." आणि त्यानं कात्रीनं घड कापून माझ्या ओंजळीत ठेवला.

आधी मळा, मग समुद्र. मी शहागडला गेले.

तिथे पाणी नव्हतं. वाळूही नव्हती. पात्रात खड्डे होते, खोल, आणि त्यांच्या तळाला काळं, हिरवट काहीतरी साचलेलं. ट्रक सरळ पात्रात उतरलेले, मशीन तळची उरलीसुरली वाळू त्यांत भरत होतं. टरबुजाच्या वाड्या कुठे होत्या तेही मला ओळखता येईना. गावाला गेलेला समुद्र वापस आला नाही, बाबा.

काठावरच्या दगडावर बसले. घड मांडीवर होता. काका उंबऱ्याशी बसले होते तशीच मी बसले होते, हे जरा वेळानं ध्यानात आलं. चिंधी सोडवायला गेले तर गाठ एकच निघाली.

मग मी एक मणी तोडला आणि खाल्ला. पहिला मणी माझा नव्हता, तरी खाल्ला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"झाला रे मिलू," मी म्हणाले. "गोड झाला."

खाली ट्रक सुरू झाला होता. त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही.